सभेला किती गाड्या आल्या?



कार्य पार पडले की यजमानाला विचारायचे दोन प्रश्न आपल्याकडे ठरलेले आहेत. 'माणसं किती जमली?' हा पहिला, आणि 'पंगती किती उठल्या?' हा दुसरा. सभा असेल तर दुसऱ्या प्रश्नाऐवजी 'पाहुणे कोण कोण होते?' असे विचारतात. 'गाड्या किती आल्या?' हेही कोणी कोणी विचारतो, नाही असे नाही. पण ते कौतुकाने. दारात पंचवीस मोटारी उभ्या होत्या म्हणजे कार्य थाटात झाले! आज मी हाच तिसरा प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. मात्र कौतुकाने नव्हे, हिशेबाने.

हल्ली वर्तमानपत्रांत 'कार्बन फूटप्रिंट' असा एक शब्द वारंवार वाचायला मिळतो. शब्द परका आहे, पण अर्थ अवघड नाही. ओल्या मातीतून माणूस चालत गेला की त्याचे पाऊल मागे उमटून राहते. तसे आपण जे इंधन जाळतो, त्याचे पाऊल हवेत उमटून राहते. त्याला आपण कर्बाचा पाऊलठसा म्हणू. मातीतले पाऊल पहिल्या पावसात पुसले जाते. हवेतले पुसायला शेकडो वर्षे लागतात. तोवर तो कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, पृथ्वीवर गोधडीसारखा पांघरलेला राहतो आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाऊस वेळेवर येईना, आला तर एका रात्रीत शेत खरडून नेऊ लागला, ही तक्रार आपण पारावर बसून करतो ना? तिच्या मागे जी कारणे आहेत, त्यांत या गोधडीचा वाटा मोठा आहे.

आता थोडे अंकगणित. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण २.३ किलो कर्बवायू निघतो आणि एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा लगेच विचारील, 'गुरुजी, लिटरभर पेट्रोलचं वजनच मुळी पाऊण किलो. मग त्यातून सव्वादोन किलो वायू निघेल कसा?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला सांगावे, की पेट्रोलमधला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू स्वतःला जोडून घेतो. १२ भाग कर्बाला ३२ भाग प्राणवायू लागतो आणि ४४ भाग कर्बवायू तयार होतो. वजन वाढते ते त्यामुळे. हा एक हिशेब मुलाला नीट पटला, तर पुढचे सारे भाषण तो आपल्याला करून दाखवील.

मी राहतो छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात. हा गारखेडा परिसराचा भाग. चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या कारखान्यांत नोकरी लागली, मुलांना शाळा हवी झाली, म्हणून खेड्यातून उठून आलेली पुष्कळ कुटुंबे इथल्या गल्ल्यांत आहेत. त्यामुळे इथल्या घरी कार्य निघाले की पाहुणे गावाकडून येतात आणि गावाकडे कार्य निघाले की गल्लीतली माणसे तिकडे जातात. पुंडलिकनगर म्हटले की मला पंढरीचा पुंडलिक आठवतो. आई-बापांची सेवा चालली आहे, देव भेटीला आला आहे, आणि पुंडलिकाने त्याला उभे राहायला एक वीट सरकवली. मांडव नाही, खुर्च्या नाहीत, एका विटेवर भागले! याहून कमी खर्चाची भेट माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या पुतणीचे लग्न मात्र असे झाले नाही. माझे थोरले बंधू गावी शेती करतात. गाव फुलंब्री तालुक्यात, शहरापासून तीस किलोमीटर. लग्न वैशाखातले. दादांचे म्हणणे होते, की मारुतीच्या देवळापुढे मांडव घालू. वहिनींचेही तेच. पण मी शहरात राहिलेला, चार लोकांत वावरलेला! मी म्हटले, 'दादा, आता गावात कोण लग्न करतं? व्याही काय म्हणतील? कार्यालय शहरात घेऊ, माझ्या घराजवळच.' दादा गप्प बसले. पुढच्या कापसावर उचल घेऊन त्यांनी कार्यालयाचे पैसे भरले. ही गोष्ट सांगताना मला आजही संकोच वाटतो, पण ती सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही.

लग्नानंतर दोन-तीन दिवसांनी मी सहज वही घेऊन बसलो. गावाकडून माणसे आली होती सुमारे तीनशे. ती आली कशी? सत्तर मोटारसायकली, अकरा जीपगाड्या आणि दोन टेम्पो. जाऊन-येऊन प्रत्येकीचे साठ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर चालते असे धरले, तर पेट्रोल झाले ८४ लिटर. जीपगाड्यांना लिटरला दहा किलोमीटर धरले, तर डिझेल ६६ लिटर. टेम्पोंचे आणखी वीस. एकूण १७० लिटर इंधन आणि त्याचा कर्बवायू सव्वाचार क्विंटल! ज्वारीच्या चार पोत्यांहून अधिक वजनाचा धूर आम्ही एका दिवसात हवेत सोडला, तोही एका अंतरपाटासाठी.

आणि शहरातली माणसे किती होती? व्याह्यांकडची धरून चाळीस. ती चाळीस माणसे एका एस.टी.त बसून गावी गेली असती, तर बारा लिटर डिझेल लागले असते. कर्बवायू बत्तीस-तेहतीस किलो. म्हणजे तीनशे माणसांना चाळिसांकडे आणण्याऐवजी चाळिसांना तीनशेंकडे नेले असते, तर प्रवासाचा ठसा तेराव्या हिश्शावर आला असता. एकही पाहुणा कमी करावा लागला नसता, एकही पक्वान्न वगळावे लागले नसते. जागा तेवढी बदलायची होती.

हे एवढ्यावर थांबत नाही. मुहूर्त गोरज. मांडवात दिवे, पंखे आणि वाद्यांचा कर्णा. त्यासाठी पाच तास जनरेटर चालला. तासाला चार लिटर डिझेलप्रमाणे वीस लिटर, म्हणजे आणखी चोपन्न किलो कर्बवायू. बरे, गावाकडच्या मंडळींना घरी गुरे. धारेची वेळ टळलेली, वासरे हंबरत असणार, परतीची वाट अंधाराची. अक्षता पडल्या आणि निम्मी माणसे न जेवताच गाड्यांत बसली. वहिनी दारात उभ्या राहून 'दोन घास खाऊन जा' म्हणून विनवीत होत्या, पण माणसे थांबेनात. आचाऱ्याने तर तीनशे चाळीस पाने धरून स्वयंपाक केला होता. रात्री अकरा वाजता भाताची चार पातेली आणि वरणाचा एक मोठा हंडा तसाच उरला. वैशाखाचा उकाडा, सकाळपर्यंत सारे आंबले. शेवटी ते कचऱ्याच्या गाडीत गेले. ज्याने ते धान्य पिकवले, त्या दादांनी ते डोळ्यांनी पाहिले. ते काही बोलले नाहीत.

कचऱ्याच्या गाडीत टाकले म्हणजे सुटलो, असे आपल्याला वाटते. पण ती गाडी कुठेतरी जातेच. आमच्या शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षे नारेगावच्या डेपोवर पडत होता. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि सारे शहर कचऱ्यात बसले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हा दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्या दिवसांत पुष्कळांना पहिल्यांदा कळले, की पत्रावळीवर टाकून दिलेला घास शेवटी कोणाच्या तरी गावाच्या वेशीवर जाऊन पडतो. शिवाय अन्न ढिगाखाली हवेवाचून कुजले की त्यातून मिथेन निघतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीसपट ऊब धरतो. तेच अन्न उकिरड्यावर थरांनी मातीत घातले, वरखाली केले, तर त्याचे खत होते. गावात उकिरडा दारात होता. शहरात आम्ही तोही सोडून आलो होतो.

'लग्नाचं ठीक आहे, आमच्या सभांचं काय?' असे आता शिक्षक मंडळी विचारतील. त्यांच्यासाठी दुसरा हिशेब. तालुक्याच्या ठिकाणी साठ शिक्षकांची बैठक आहे. प्रत्येक जण सरासरी तीस किलोमीटरवरून येतो. मोटारीत एकटा बसून जो येतो, त्याच्या जाण्यायेण्याला चार लिटर पेट्रोल लागते. नऊ किलो कर्बवायू. मोटारसायकलवर एकटा येणारा पावणेतीन किलो सोडतो. मागे सोबती बसवला की तोच वाटा निम्म्यावर येतो. आणि भरलेल्या एस.टी.तून येणाऱ्याच्या वाट्याला किलोभरसुद्धा येत नाही. बैठकीत प्लास्टिकची बाटली नको, कागदी पेला नको, असे आपण हौसेने ठरवतो. जरूर ठरवावे. पण एका पेल्याचा हिशेब ग्रॅममध्ये होतो आणि एका मोटारीचा किलोत. पेला टाळला म्हणून समाधान मानायचे आणि मोटारीत एकट्याने बसून परत जायचे, हे म्हणजे देवापुढची वात बारीक करायची आणि गोठ्यातला कंदील दिवसाढवळ्या जळत ठेवायचा, तशातले झाले.

मोठ्या जगातही हेच दिसून आले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला भूशास्त्रज्ञांचे एक अधिवेशन भरले होते. ही मंडळी पृथ्वीचे तापमान का वाढते याचाच अभ्यास करणारी! त्यांच्यातल्याच काहींनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा येण्याजाण्याचा कर्बवायू सुमारे ८०,००० टन भरला. २०२१ साली दुसऱ्या काही संशोधकांनी दाखवून दिले, की असे अधिवेशन सर्वस्वी दूरसंचाराने घेतले तर त्याचा ठसा ९४ टक्क्यांनी कमी होतो. आमच्या शहरातही २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या निमित्ताने महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. रस्ते झाडले गेले, भिंती रंगल्या, आम्हाला आनंदच वाटला. पण अशा परिषदांत खरा भार त्या रंगाचा नसतो, विमानांचा असतो.

मग साऱ्या सभा घरबसल्या मोबाइलवरच घ्याव्यात काय? मला तसे वाटत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आपण हे सगळे करून पाहिले. पन्नास माणसांत लग्ने लागली, आणि त्यांचे संसार काही अडले नाहीत. शिक्षकांची प्रशिक्षणेही पडद्यावर झाली. मला एका शिक्षकाने सांगितले, 'गुरुजी, प्रशिक्षण चालू ठेवायचो आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसायचो.' त्यात त्याचा दोष किती आणि प्रशिक्षणाचा किती, हे आपणच ठरवावे. पण त्याच काळात मयताला चार माणसे जमू दिली नाहीत, दहाव्याला भाऊ भावाला भेटला नाही, ते दुःख अजून माणसांच्या मनातून गेलेले नाही. दुःखाच्या घरी माणसाने जावेच. तिथे लिटर मोजू नयेत.

तेव्हा सभा बोलावणाऱ्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: इथे माणसे एकमेकांना काही देणार-घेणार आहेत, की एकाने वाचायचे आणि साठांनी ऐकायचे आहे? नुसता तक्ता भरून घ्यायचा असेल, परिपत्रक समजावून सांगायचे असेल, तर ते मोबाइलवर पाठवावे, अर्धा तास फोनवर बोलावे. त्यासाठी साठ वर्ग एक दिवस गुरुजींवाचून का ठेवावेत? कर्बवायूपेक्षाही मला हे नुकसान मोठे वाटते. पण केंद्राची शिक्षण परिषद असते, तिथे एक शिक्षिका अपूर्णांक शिकवण्याची आपली रीत दाखवते, दुसरा शिक्षक तिला अडवून शंका विचारतो, डबे उघडले की तिसरीच गोष्ट निघते. ती बैठक मोडू नये. फक्त ती जवळ भरवावी. साठ माणसांना तीस किलोमीटर आणण्याऐवजी तीन केंद्रांवर वीस-वीस जण आठ किलोमीटरवरून आले, तर मोटारसायकलींचे पेट्रोल बहात्तर लिटरवरून एकोणीस-वीस लिटरवर येते. सांगणारा माणूस एकच असला तर त्याने तिन्ही ठिकाणी फिरावे. एकाने हिंडणे साठांनी हिंडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

वेळ तर याहून सोपी. एस.टी. गावात नवाला येते आणि बैठक साडेआठला ठेवली, तर शिक्षक मोटारसायकल काढणार नाही तर काय करणार? सभेची वेळ ठरवताना घड्याळाआधी एस.टी.चे वेळापत्रक पाहावे. हे काम फुकट होते, आणि म्हणूनच बहुधा ते कोणाला सुचत नाही.

या बाबतीत आपली ग्रामसभा मला फार आवडते. वर्षातून चार वेळा तरी भरते, आणि सारा गाव चालत येतो. तिथे धूर होतो तो फक्त भांडणाचा.

आता ताटांविषयी. स्टीलची ताटे वापरा, असा उपदेश करणे सोपे आहे. पण आमच्या शहरात वर्षानुवर्षे नळाला पाणी काही दिवसांआड येत आले. ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून, शंभर मीटरहून अधिक उंच, विजेच्या पंपांनी चढवून आणायचे. चारशे ताटे धुवायची तर टँकर बोलवायचा, म्हणजे पुन्हा डिझेल! अशा ठिकाणी पळसाच्या पानांची पत्रावळ बरी. थर्माकोलच्या पत्रावळी महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. पण चकचकीत कागदी पत्रावळ हाती आली तर तिचा वरचा पापुद्रा नखाने सोलून पाहा, पुष्कळदा तो प्लास्टिकचाच निघतो. गावात विहिरीला पाणी असेल आणि धुणारे हात असतील, तर मात्र भांड्यांना तोड नाही. पुष्कळ गावांत मारुतीच्या देवळात सार्वजनिक भांडी असत: पातेली, परात, पळ्या, ताटे-वाट्या. कोणाचेही कार्य असो, ती त्या घरी जायची आणि घासूनपुसून परत यायची. आपल्या गावातली ती भांडी आता कुठे आहेत, याचा एकदा शोध घ्या. कुलपात असतील, कुलपाची किल्ली कोणाकडे तरी असेल.

गाडगेबाबा गावोगाव हिंडले ते डोक्यावर फुटके गाडगे घेऊन. तेच डोक्यावरचे टोपडे, तेच जेवायचे भांडे. गावात आले की आधी हातात खराटा, रात्री कीर्तन. बैठकीला येताना घरून आपला पेला आणि ताटली पिशवीत टाकून आणायला आपल्याला लाज वाटते, ती का, हे मला अजून उमगलेले नाही.

आणि मोठा समुदाय जेवू घालायचा तर काय करावे, हे आपल्याच भागात पाहायला मिळते. गोदावरीकाठच्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात वेगवेगळ्या गावी भरतो. २०२४ साली सिन्नर तालुक्यातल्या शहा-पंचाळे इथे तो १७७ वा भरला होता. तिथला प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी जागेवर मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी पंचक्रोशीतल्या घराघरांतून येते. भाकरी आणायला ट्रॅक्टर लागतात, माणसे दुरून गाड्यांनी येतात, म्हणजे ठसा नाहीच असे म्हणता येणार नाही. पण जेवणात काय आहे ते पाहा. इथलीच बाजरी, इथलीच डाळ, ज्या घरची चूल तिथलीच भाकरी. परगावचे पनीर नाही, बर्फात घालून आणलेले काही नाही. आणि उरलेली भाकरी भातासारखी रात्रीत आंबत नाही. सकाळी कुस्करून खाता येते.

शेवटी एक कबुली. लग्नानंतर मी झाडे लावून हे पाप फेडू, असे दादांना म्हटले होते. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला वीसेक किलो कर्बवायू शोषते, असा ढोबळ हिशेब करतात. म्हणजे नुसत्या प्रवासाचे फेडायला एकवीस मोठी झाडे वर्षभर राबायला हवीत. दादा म्हणाले, 'झाडं लाव. पण आधी रोपाला पाणी कोण घालणार ते सांग.' मी शहरात परतलो, आणि लावलेल्या दहांपैकी तीन जगली. तीही वहिनींनी भांडी धुतलेले पाणी घातले म्हणून.

धाकट्या पुतणीचे लग्न या वैशाखात आहे. या वेळी मी काही सुचवले नाही. मला कोणी विचारलेही नाही. मांडव देवळापुढे. मुहूर्त सकाळी दहा वाजून काही मिनिटांचा, म्हणजे दिवे नकोत आणि जनरेटरही नको. गावातली माणसे पायी येतील आणि जेवून धारेच्या वेळेला घरी असतील. आचाऱ्याला वहिनींनी सांगितले आहे, की भात एकदम शिजवू नका, पंगत पाहून पुढचे पातेले चढवा. पंगतीत वाढायला त्यांनी घरच्याच मुली ठेवल्या आहेत आणि त्यांना ताकीद दिली आहे: पहिल्या खेपेला अर्धी पळी, मागेल त्याला पुन्हा. आग्रह करायचा तो फक्त व्याह्यांना, तोही एकदाच. भांडी देवळातली. ती बारा वर्षे कुलपात होती. दोन पातेल्यांना कल्हई करून घ्यावी लागली.

शहरातल्या चाळीस जणांसाठी मी प्रासंगिक करारावर एस.टी. ठरवली आहे, एवढेच काम माझ्याकडे आले. गाडी सकाळी साडेसहाला गजानन महाराज मंदिराच्या चौकातून सुटेल. 'आम्ही आपले मागून मोटारीने येतो' म्हणणारे चार जण निघालेच. त्यांतले दोघे माझ्या शेजारचे. त्यांना मी सांगितले आहे, की पावणेसातपर्यंत गाडी थांबवून धरतो, पण तुम्हाला घेऊनच निघतो.